केळीच्या सोपटाचं महावस्त्र

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव मला विचारू नका, मलाही कुणी सांगितलेलं नाही. नदी होती, नदीपलीकडे ऐनाच्या झाडांचं रान होतं आणि टेकडीवर देवीचं देऊळ होतं. आपल्याला तेवढं पुरे.

देवळाचे पुजारीबुवा म्हणजे अगदी देवमाणूस. वाटेत मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालून जायचे. संध्याकाळी दिवा लावला की त्यावर जाळी ठेवायचे, एखादं पाखरू भाजू नये म्हणून. पूजेला बसताना मात्र त्यांच्या अंगावर रेशमाचंच सोवळं लागायचं, आणि देवीलाही दर वर्षी अष्टमीला रेशमाचंच नवं महावस्त्र.

"रेशमासारखं पवित्र दुसरं काही नाही," ते सगळ्यांना सांगायचे. "त्याला विटाळ कसा तो नाही."

हे रेशीम काढायची आणि विणायची भिवराबाई कोष्टीण. पिढ्यान् पिढ्या तो मान तिच्या घराण्याचा होता. रानातून कोषांच्या टोपल्या यायच्या. एकेक कोष लिंबाएवढा. गावाबाहेर नदीकाठी मोठ्या हंड्यात, राखेच्या पाण्यात, ते उकळायचे आणि मग धागा सोडवायचा. त्या हंड्याकडे देवळातल्या माणसानं फिरकायचं नाही, असा गावचा दंडक होता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दंडक आहे ना, मग पाळायचा!

त्यामुळे झालं काय, पुजारीबुवांचे केस पांढरे झाले तरी त्यांना वाटायचं, कोष म्हणजे ऐनाच्या झाडाचं फळ. हसू नका हो. जे कधी पाहिलं नाही, त्याबद्दल आपणही काय काय धरून बसलेले असतो.

एका वर्षी भाद्रपद संपत आला होता. भिवरानं हंड्याखाली जाळ घातला. तेवढ्यात टोपलीतून एक कोष घरंगळत तिच्या पायाशी आला. तिनं तो उचलला आणि सहज कानाशी धरला. आत खुडबुड झाली. तिनं पुन्हा कान लावला. पुन्हा खुडबुड.

"सासूबाई, यात कोण आहे हो?"

"कोण असणार? किडा. झोपलेला असतो तो, त्याला काही कळत नाही."

"उकळत्या पाण्यात घातल्यावरही कळत नाही?"

सासूनं चाळीस वर्षं कोष उकळले होते. तिनं तोंड फिरवलं आणि उगाच लाकडं मागेपुढे करत बसली.

भिवरानं सगळा हंडा जाळावर पालथा केला. मग तिथंच राखेत बसून ढसाढसा रडली. "अगं आई गं, इतकी वर्षं मी देवीला काय नेसवत आले!"

त्या दिवसापासून तिनं ठरवलं, दुसऱ्या जिवाकडून ओरबाडून घ्यावं लागतं ते आपल्याला नको. अंडं, मांस तर सोडलंच, पण माश्यांचा मध नको आणि वासराच्या वाटचं दूधही नको म्हणाली. देवळात पंचामृत दिलं की हात जोडायची आणि तसंच पुढच्याला द्यायची. झालं! पाणवठ्यावर कुजबुज सुरू झाली.

"भिवराची देवीवरची श्रद्धा उडाली गं बाई."

"उडाली नाही," भिवरा घागर उचलत म्हणाली, "आत्ता कुठे बसली."

बोलायला हे ठीक. पण अष्टमी तोंडावर आली होती आणि महावस्त्राला धागा नव्हता. देवळामागे केळीची बाग होती. घड उतरला की खांब तोडून कुजायला टाकायचे. भिवरानं ते खांब घरी आणले. खांबाचे एकावर एक थर, म्हणजे सोपटं, सुटी केली, बोथट सुरीनं घासली, आतून बारीक धागे निघाले. पहिल्या दिवशीचे सगळे तुटले. दुसऱ्या दिवशी बोटं चिरली. सासू तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मात्र शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अगं, असं नाही. ओलं आहे तोवर ओढ. दे इकडे."

दोघींनी मिळून धागा काढला, विणला, कापड धुऊन बडवून मऊ केलं आणि वाळवलेल्या पळसाच्या फुलांत रंगवलं. काय सुरेख रंग चढला होता म्हणून सांगू!

अष्टमीला दिवस कलताना भिवरा महावस्त्र घेऊन टेकडी चढली. दुसऱ्या हातात कोषांची टोपली होती. गाव जमलं होतं. पुजारीबुवांनी कापडाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"हे रेशीम नाही!"

"नाही बुवा. देवीच्या बागेतल्या केळीचं आहे."

गावचे पाटील उठले. "देवीचे कोष तसेच ठेवलेस आणि तिला सोपटं नेसवतेस? बाई, कळतंय का तुला काय केलंस ते? आता कौल लावू. देवीनं नाही म्हटलं तर तुझा माग नदीत जाईल आणि तू आजच्या आज गावाबाहेर." त्यांनी खूण केली. चार गडी गेले आणि भिवराचा माग उपसून, खांद्यावर घेऊन नदीच्या वाटेला उभे राहिले. सासूनं पदर तोंडात धरला.

कौल म्हणजे देवीला विचारणं. तिच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पुजारीबुवांनी पाकळ्या लावल्या. सगळे बघत बसले. पाकळ्या जागच्या हलेनात.

तेव्हा भिवरानं टोपलीतला एक कोष उचलला. "बुवा, कौल लागेपर्यंत एवढं हातात धरता?"

"हे फळ? त्याचं काय?"

लोकांत खसखस पिकली. भिवरा हसली नाही. "कानाशी धरा, बुवा."

बुवांनी कोष कानाशी नेला. बघता बघता त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"यात... यात काय आहे?"

"जीव आहे, बुवा. असे कोष उकळल्याशिवाय रेशीम निघत नाही."

"माझ्या या एका सोवळ्यासाठी किती उकळले असतील?"

"पाचशेच्या खाली नाही."

बुवा तिथंच खाली बसले. "मी दिव्यावर जाळी ठेवतो गं," ते म्हणाले, "दिव्यावर जाळी ठेवतो..." खांद्यावरचं रेशमी उपरणं त्यांनी काढलं आणि घडी करून बाजूला ठेवलं.

तेवढ्यात त्यांच्या हातातल्या कोषाचं एक टोक ओलं झालं. मऊ पडलं. त्यातून आधी दोन पाय आले, मग डोकं, आणि मग चुरगळलेल्या पंखांचा एक ओलाचिंब पतंग बाहेर आला. तो बुवांच्या अंगठ्यावर चढून बसला. हळूहळू त्याचे पंख उलगडले, तशी माणसं हातभर पुढे सरकली. मधासारखा रंग, प्रत्येक पंखावर एक गोल ठिपका. चांगला वेळ गेला, पण एकही माणूस जागचा उठला नाही. सूर्य टेकला तसा पतंग उडाला, गाभाऱ्यात एक फेरी मारली आणि देवीच्या उजव्या खांद्यावर जाऊन बसला.

पाकळी पडली. उजवी!

कुणी म्हणतं पतंगाच्या पंखांनी पडली, कुणी म्हणतं देवीनं पाडली. मला विचाराल तर दोन्ही एकच.

पहिला आवाज आला तो सासूचा. "उदो उदो!" म्हातारी अशी ओरडली की देवळातली कबुतरं उडाली. मग सारं गाव ओरडलं. ढोल वाजले, गुलाल उधळला. पुजारीबुवांनी स्वतःच्या हातांनी देवीला केळीचं महावस्त्र नेसवलं. नदीच्या वाटेवरचे चार गडी वळले आणि तोच माग खांद्यावर नाचवत वाजतगाजत टेकडीवर आले. मागाला पहिला हार पाटलांनी घातला. मान जरा खाली होती, पण घातला.

"भिवराबाई," बुवा म्हणाले, "मलाही एक सोवळं विणून देशील? असलंच?"

"देईन की. पण खांब तुम्ही वाहून आणायचे."

बुवांनी आणले हो, चिखलानं माखून, आनंदानं! त्या वर्षापासून नदीकाठच्या हंड्यात कोष उकळले नाहीत, पळसाची फुलं उकळली. देवीच्या पंचामृतात नारळाचं दूध आणि उसाचा रस आला. आणि दर अष्टमीला दिवस मावळताना ऐनाच्या रानातून पतंग उडत देवळाकडे येत, तेव्हा बुवा सगळ्या दिव्यांवर जाळ्या ठेवून वाट बघत बसलेले असत.

तात्पर्य : जिला आपण सगळ्या जिवांची आई म्हणतो, तिच्या पूजेसाठी तिच्या एकाही लेकराचा जीव घ्यावा लागत नाही.