कुणाच्या शब्दावर

विजेच्या कंपनीने गावोगावचे वायरमन रिसॉर्टवर गोळा केले, टोप्या वाटल्या आणि भरवशाचा खेळ मांडला: डोळे मिटून मागे पडायचं, मागचा झेलणार. केरबा खरातची नजर मात्र फाटकाकडेच होती. अकरा वर्षं सबस्टेशनवरून फोनवर बोलणाऱ्या मंदाताईंचा चेहरा आज तरी दिसेल, एवढ्यासाठी तो आला होता.

"खरात, पडा!" शिट्टी वाजवत खेळ घेणारे चिटणीस साहेब गरजले. "आपल्या माणसावर भरवसा नाही?"

"सबस्टेशनवाले कुठायत, साहेब?"

"ड्युटीवर. त्यांचं इथे काय काम?"

केरबाने फोन लावून स्पीकर मोठा केला. "मंदाताई, 'लाईन बंद आहे' असं तुम्ही म्हणालात की मी काय करतो?"

"खांबावर चढता, तारेला हात घालता. का हो?"

केरबा वळला. "साहेब, तुम्ही कुणाच्या शब्दावर तारेला हात घालाल? नाव सांगा, लगेच पडतो."

साहेबांनी साठ टोप्यांवरून नजर फिरवली. त्यांनी शिट्टी खिशात घातली.

फोन चालूच होता. "केरबाभाऊ, जेवण तरी बरं आहे का तिथलं?"

"बरं आहे, ताई. तुम्ही यायला पाहिजे होतं."