होयबाचा चर

हा चर नीट बघून घ्या. जरा मागं उभ्या राहा, बाई, काठाची माती भुसभुशीत आहे. चाळीस हात लांब, कंबरभर खोल, आणि कुठं, तर डोंगराच्या पार माथ्यावर. ओढ्याचं पाणी अडवायला खणलाय म्हणे! ओढा तिकडं खाली वाहतोय. तुम्ही सरपंच, सदस्य, ग्रामसेवक प्रशिक्षणाला आलात. लोकसहभाग कसा वाढवायचा ते तुमचे साहेब खाली फळ्यावर शिकवतीलच. मी ज्ञानू, या सावरमाळचा जुना कोतवाल. मला फळ्यातलं काही येत नाही. मी आपला हा चर दाखवतो.

फार जुनी गोष्ट. गावची पाटीलकी गोजराबाईंकडे आली तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या, असं सांगतात. नवरा वारलेला, दुसरा वारस नाही. त्यांचा सासरा पाटील असताना मोठा कडक. त्याला कुणी ‘नाही’ म्हटलं की त्या माणसाला भर उन्हात डोक्यावर धोंडा देऊन उभं करायचा. अशी वीस वर्षं गेली आणि गाव मान डोलवायला शिकलं. सासऱ्यानं ओढ्यावर बांध घातला तो चुकीच्या जागी, हे म्हणे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बोललं कुणी नाही. मोठा पूर आला, बांध वाहून गेला, तेव्हाही लोक म्हणाले, पाटलांनी केलं ते बरोबरच.

बाईंच्या वाट्याला तो फुटका बांध आला. दोन उन्हाळे बाया दोन कोसांवरनं पाणी आणत होत्या. येणारा पावसाळा हुकला असता तर गावच उठलं असतं. बाईंनी चावडीवर सगळ्यांना बोलावून विचारलं, बांध कुठं घालू?

“तुम्ही म्हणाल तिथं, बाईसाहेब.”

ओढ्याच्या वळणावर घालू? बेस होईल. खालच्या खडकावर घालू? त्याहून बेस. बाई परगावच्या, त्यांना ना इथली माती कळे ना ओढा. ज्यांना कळत होतं ती मंडळी नंदीबैलासारखी बसलेली. शेवटी वैतागून त्या म्हणाल्या, मग घाला डोंगराच्या माथ्यावर! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर काय, अख्खं गाव बांधाचा पाया खणायला कुदळी खांद्यावर टाकून डोंगर चढतंय.

त्या दिवशी बाईंनी अन्न सोडलं. या कातळावर येऊन बसल्या आणि शपथ घेतली की गावातलं कुणी कारण देऊन मला ‘नाही’ म्हणेल, तेव्हाच घास तोंडात घालीन. लोकांचा बाईंवर जीव होता हो, सगळे हवालदिल झाले. आणि केलं काय? बाईंना बरं वाटावं म्हणून आणखी जोरानं खणलं. काही जण तर हात जोडून म्हणत, “तुमची आज्ञा असेल तर ‘नाही’ म्हणतो.” कारण विचारलं की पुन्हा कुदळ उचलत. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दुपारी बाईंना धड बसवेना.

राही कुंभारीण तिथं पाट्या वाहत होती. सगळा जन्म ओढ्याकाठची माती तुडवण्यात गेलेला. धोंडा घेऊन उभा राहिलेला बाप तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता. तरी तिनं पाटी खाली आपटली.

“नाही, बाई. इथं बांध घालायचा नाही. पाणी काय शेळी आहे, डोंगर चढायला? खाली ओढ्याकाठच्या वडाखाली चिकणमाती आहे, मी रोज खणते. पाणी तिथं थांबेल.”

 बाई आधी रडल्या, मग हसायला लागल्या. त्या हसल्या तसा म्हाळू धनगर पुढं झाला. म्हणाला, वडाखालीही नको, तिथली दरड ठिसूळ आहे, माझी मेंढरं घसरतात. वीस हात वर सरका. त्याला तिसऱ्यानं खोडून काढलं, तिसऱ्याला चौथ्यानं. वीस वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं. अशी मजा आली भांडायला की बाईंचा उपास कुणाच्या ध्यानातच राहिला नाही. शेवटी राहीच ओरडली, “आधी बाईंना जेवू द्या, मग काय ते भांडा,” आणि आपल्या फडक्यातली भाकरी पाण्यात कुस्करून तिनं बाईंना भरवली.

भांडून भांडून शेवटी म्हाळूनं सांगितलेल्या जागी बांध झाला. पहिल्याच पावसात तुडुंब भरला. हा चर मात्र कुणी बुजवू नये, असं बाईंनी सांगून ठेवलं.

आजही निवडणूक झाली की नवा सरपंच आणि ग्रामसेवक उपाशीपोटी इथं येतात. मागं सगळं गाव. सरपंचानं आपलं पहिलं काम सांगायचं. जो कारणासकट ‘नाही’ म्हणेल त्यानं सरपंचाला पहिला घास भरवायचा, आणि त्या कामावर देखरेखही त्यानंच करायची. नुसता खोडा घालून घरी पळायचं नाही. आमच्या आताच्या सरपंचबाईंचं वाक्य अर्धं झालं असेल नसेल, सात जण उभे राहिले. बाईंनी पहिला घास घेतला तेव्हा भाकरी अजून गरम होती. आता तुम्हीच सांगा, तुमच्या गावात सरपंच किती दिवस उपाशी राहील?