मधल्या आत्याचं गाठोडं

फार वर्षांपूर्वी आपल्या गावात एक बाई होऊन गेली. किती वर्षांपूर्वी, ते विचारू नका. सांगणारे सगळे वेगवेगळं सांगतात आणि मला त्यातल्या एकाचाही भरवसा वाटत नाही. बाई नदीकाठच्या धर्मशाळेत राहायची. तिला स्वतःचं घर नव्हतं आणि भाड्याचंही नव्हतं, म्हणून घरमालक आणि भाडेकरू भांडले की दोघं मिळून तिला मध्ये बसवायचे. त्यावरून तिचं नाव पडलं मधली आत्या. पाठीमागे तिला दुतोंडी म्हणत. या कामाचं ती काही घेत नसे, असं म्हणतात. आणि फुकट काम करणाऱ्या माणसावर आपल्या गावानं कधी विश्वास ठेवलेला नाही.

तेव्हा निळारी आळीतली घरं विसाजी शेटची होती. त्यातल्या एका घरात तुळाजी निळारी भाड्यानं राहायचा. कापडाला निळा रंग द्यायचा त्याचा धंदा. त्याच्या ओसरीत जमिनीत पुरलेला निळीचा रांजण होता, त्याच्या आज्यानं लावलेला. निळीचा रांजण जिवंत असतो बरं का. त्याला रोज गूळ-चुन्याचा खुराक लागतो, आणि जागेवरून हलवला की तो मरतो.

एका पावसाळ्यात तुळाजीच्या घराची कौलं फुटली आणि पाणी थेट रांजणात गळायला लागलं. तुळाजी म्हणाला, कौलं चाळून, फुटकी बदलून दिल्याशिवाय भाडं नाही. शेट म्हणाले, भाडं दिल्याशिवाय कौलं नाहीत. शेटना वाटे, निळारी भाडं बुडवायला स्वतःच कौलं फोडतो. तुळाजीला वाटे, घर रिकामं करून घ्यायला शेटच माणसं पाठवून फोडतात. कौलं फोडत होती माकडं, पण माकडांवर संशय घेण्यात कुणाला गोडी?

शेवटी शेटनी सांगून टाकलं, दसऱ्याच्या आत घर सोड. तुळाजीची बायको भिवरा रांजणापाशी बसून रडली. घर दुसरंही मिळालं असतं. पण रांजण गेला तर धंदा गेला, आणि धंदा गेला तर पोरांच्या तोंडचा घास गेला.

मग मधल्या आत्याला बोलावणं गेलं. आत्या दुपारी शेटकडे जेवायला बसायची आणि संध्याकाळी तुळाजीकडे. दोन्हीकडे हो ला हो. आणि कुठूनही निघाली की तिच्या काखेत एक गाठोडं असायचं. आळीत कुजबुज सुरू झाली. शेटना वाटलं, निळाऱ्यानं बाईला फितवलं. तुळाजीला वाटलं, शेटनी बाईचे हात ओले केले. आत्याही अशी बेरकी, की शेटच्या माणसानं पाहिलं की गाठोडं पदराखाली लपवायची आणि तुळाजी समोर आला की रस्ता बदलायची.

तिला रंगेहाथ धरायचं, असं दोघांनीही मनाशी ठरवलं. एका पहाटे शेट धर्मशाळेच्या भिंतीआड जाऊन बसले, तर तिथे तुळाजी आधीच दबा धरून होता. आत्या घाटाच्या पायरीवर, पाठ करून, गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. ओरडावं तर ती सावध होणार. म्हणून दोघं जन्माचे वैरी एका भिंतीला चिकटून गप्प बसले.

"तू काय दिलंस तिला?" शेट हळूच म्हणाले.

"म्या कशाला दिऊ? दिलं आसंल तर तुमीच."

"जेवणापलीकडे चिमूटभर मीठसुद्धा दिलेलं नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे गाठोड्यात आहे ते चोरलेलं, ही बाई दोघांनाही लुबाडते आहे. माणसाला एकदा चोर सापडला की शेजारचा साव वाटायला लागतो. भिंतीआडच दोघांचं बोलणं झालं. कौलं शेटनी आणायची, चढवायची तुळाजीनं. घर गळलं त्या महिन्यांचं भाडं सोडायचं, बाकीचं दिवाळीनंतर द्यायचं. आणि या दुतोंडीला पुन्हा दारात उभं करायचं नाही.

चावडीवर दोघांनी तसं सांगितलं, तेव्हा आत्यानं मोठा कांगावा केला. माझ्या पोटाचं काय, म्हणाली. मग तर सगळ्या गावाची खात्रीच पटली. तिला दोन्ही दारं बंद झाली, हळूहळू गावातली सगळीच. मला याचं फार वाईट वाटतं, पण मी तिथे असतो तर मीही दार लावलंच असतं.

फक्त भिवरा एकदा लपूनछपून भाकरी घेऊन धर्मशाळेत गेली. आत्या नदीवर होती. भिवराच्या मनातही संशय होताच, तिनं कोनाड्यातलं गाठोडं सोडलं. आत जुन्या चिंध्यांचा बोळा. बाकी काही नाही. तेवढ्यात आत्या दारात उभी.

"आत्या, चावडीत ह्ये सोडून का न्हाई दावलं?"

"दावलं असतं तर ते दोघं पुन्हा येकमेकांवर गेले असते. संशय ठेवायला कोनाडा लागतो, बाई. माझ्यात ठेवला तर घरात न्हाई राहत. बांध ते पुन्हा, आन कुणाला सांगू नको."

भिवरानं कुणाला सांगितलं नाही, असं म्हणतात. मग आपल्याला कसं कळलं, हे मलाही कुणी सांगत नाही.

त्याच दिवशी नदीला पूर आला आणि आत्या गाठोडं धर्मशाळेतच ठेवून पाण्यावरून चालत पलीकडे गेली, असं म्हणतात. इकडे तुळाजीचा मरायला टेकलेला रांजण फसफसून काठोकाठ निळा झाला. घाटावर तिची निळी पावलं उमटली, ती अजून धुऊन जात नाहीत. एक पाऊल शेटच्या घराकडे वळलेलं, एक निळारी आळीकडे. जाता जाताही बाईनं दोन्ही डगरींवर पाय ठेवलाच.

आता आळीत रांजण नाहीत, गाळे आणि खोल्या आहेत. तरी भाड्यावरून वाजलं की मालक आणि भाडेकरू अजून धर्मशाळेत जातात. कोनाड्यातलं गाठोडं काढून दोघांच्या मध्ये ठेवतात आणि आधी दोघं मिळून आत्याला शिव्या घालतात. मग बोलायला बसतात.

गाठोडं मात्र सोडायचं नाही, अशी रीत आहे. आत चिंध्यांशिवाय काही नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते डोळ्यांनी पाहिलं, तर दोघं पुन्हा एकमेकांकडे संशयानं बघायला लागतील.