घाटाकडचं दार

“आणि ते अजून घरी आलेच नसतील तर?” तुळसाक्काने विचारलं.

निरंजन हसला. “आक्का, दवाखान्यातून येऊन दहा दिवस झाले. मग खाटेवर कोण झोपलंय?”

खाटेवर केरबाअण्णा होते. कृष्णेवर चाळीस वर्षं नाव चालवलेले. मनगटावर दवाखान्याची प्लॅस्टिकची पट्टी तशीच होती. कापायला गेलं की हात ओढून घेत. “अजून सोडलं न्हाई मला,” म्हणत.

पेजेचे चार घोट कसेबसे घेत, पण ताट पुढे केलं की एकच… “घरी गेल्यावर जेवीन.”

आजही जेवले नाहीत, तर उद्या डॉक्टर त्यांना परत दवाखान्यात नेणार होते.

निरंजन आजाऱ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करायचा कोर्स शिकलेला. त्याने वही पुढे केली. “ताप, रक्तदाब, गोळ्या, सगळं वेळेवर आहे. रोज सांगतो, अण्णा, हे तुमचंच घर. माझं चुकलं कुठं?”

तुळसाक्काने वहीला हात लावला नाही. आजाऱ्यांच्या उशाशी तिचं आयुष्य गेलं होतं.

“आणलं तवा जागे होते?”

“नाही. झोपेचं औषध दिलेलं. स्ट्रेचरवरून थेट खाटेवर.”

तिने घाटाकडच्या दाराकडे पाहिलं.

“खुर्चीत बसव त्यांना. बाहेर ने.”

“घरी आणायचं म्हणता, आणि बाहेर काढता?”

“तुझ्या कोर्सात दार नव्हतं काय रं?”

चाकाची खुर्ची घाटाकडच्या दाराने बाहेर गेली.

सकाळ होती. नदीवर धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. अण्णा ऐकत राहिले. कुठेतरी एक नाव काठाला लागल्यासारखी वाजली…



मग सून शेवंता उंबऱ्यात आली. तिने भाकरतुकडा ओवाळला, धुक्यात टाकला. तांब्यातलं पाणी अण्णांच्या पायांवर घातलं.

पायाची बोटं हलली.

“लई उशीर झाला गं, शेवंता,” अण्णा म्हणाले.

“व्हय मामंजी. या आत.”

खुर्ची उंबरा ओलांडून आली. अण्णांनी भिंतीवरचं आपलं वल्हं पाहिलं. मग मनगट निरंजनपुढे धरलं.

“काढ हे.”

पट्टी कापली गेली. चुलीवर भाकरी फुगत होती.

“वाढ,” अण्णा म्हणाले.

निरंजनने वही उघडली. ‘दिवस अकरावा’ असं सकाळीच लिहून ठेवलेलं होतं. त्याने त्यावर काट मारली.

“आक्का… आज काय लिहू?”

“पहिला.”