गळका खळगा आणि काठोकाठ भरण्याचा नेम

एका नदीच्या काठी, खडकाच्या कपारीत, एक पाणमांजरी आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. ती नदी डोंगरातून उतरून काळ्याभोर खडकावरून वाहायची. पावसाळ्यात तिच्या पुरात मोठमोठे गोटे गरगर फिरत आणि खडकाला रांजणासारखे गोल, खोल खळगे पाडत. पूर ओसरला की हे खळगे उघडे पडत. मुलांनो, कधी अशा नदीवर गेलात, तर आईचा हात धरूनच त्या खळग्यांत डोकावा.

वैशाखात ती नदी आटून जाई. पाणी राही ते अर्जुनाच्या झाडाखालच्या एका डोहात. डोह लहान, त्यात दोन घरांचे भागणार नाही असे सगळे म्हणत. म्हणून पाऊस येईपर्यंत डोह कोणाचा, हे ठरवायला दर चैत्रात मासे धरण्याची स्पर्धा होत असे. पाडव्याला प्रत्येकाने एकेक खळगा निवडायचा आणि त्याच्या काठावर पळसाचे फूल ठेवायचे. फूल ठेवले की तो खळगा आपला. मग काही झाले तरी बदलायचा नाही. पौर्णिमेला सकाळी मासा धरून आपल्या खळग्यात सोडायचा. अर्जुनाची सावली मधल्या खडकावर पोचली की म्हातारे कासव येऊन मासे पाही. ज्याचा मासा सर्वांत मोठा, डोह त्याचा. अट एकच होती, मासा जिवंत हवा. कारण कासवाने पाहून झाल्यावर तो पुन्हा नदीत सोडायचा असे.

मागच्या वर्षी डोह राखी बगळ्याने जिंकला होता. पाणमांजरीला पिल्लांना घेऊन टेकडीपलीकडच्या तळ्यावर जावे लागले. वाट गावाच्या कडेने होती. गावातली कुत्री मागे लागली, आणि धाकटे पिल्लू कसेबसे सुटले, पण त्याच्या शेपटीचे टोक मात्र तिथेच राहिले. त्या दिवसापासून वाऱ्यावर लांबून भुंकणे ऐकू आले, तरी ते आईच्या पोटाखाली शिरायचे. म्हणून या वर्षी डोह मिळालाच पाहिजे, असे पाणमांजरीने ठरवले होते.

पाडव्याच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी उठली. तिने खडकावरचा एक सुबक, गोल खळगा निवडला, त्यावर ताजे फूल वाहिले आणि डोळे मिटून नदीमाईला बोलली, "माई, पौर्णिमेपर्यंत रोज सकाळी हा खळगा मी काठोकाठ भरीन, फूल वाहीन, आणि मगच तोंडात घास घालीन. एवढा डोह माझ्या लेकरांना मिळू दे."

मग तिने खळगा भरायला घेतला. पाण्यात बुडी मारायची, भिजलेल्या अंगाने वर यायचे, खळग्यावर उभे राहून अंग झाडायचे, शेपटीने आणखी पाणी उडवायचे. बऱ्याच वेळाने तिने आत पाहिले, तर पाणी जेमतेम तळाला. पुन्हा भरले, पुन्हा तेच. शेवटी तिने आत उतरून पाहिले. खळग्याच्या तळाशी एक भेग होती, आणि तिच्यातून पाणी खालच्या वाळूत निवांतपणे चालले होते.

आता मला सांगा, कोणतेही भांडे घेताना आधी पाणी घालून बघावे की नाही? पण भाविक माणसाचे असेच होते. संकल्प आधी आणि तपासणी मागून. फूल तर ठेवून झाले होते, शब्दही देऊन झाला होता. आणि तोही कसा, तर काठोकाठ. पाणमांजरीच्या मनात आले, अर्धा म्हटले असते तर काय बिघडले असते? पण नदीमाईशी घासाघीस करणे तिच्या स्वभावात नव्हते. ती भरत राहिली. गळण्यापेक्षा भरणे वेगाने झाले, तेव्हा कुठे पाणी काठाला टेकले. तोवर दुपार झाली होती, आणि पोटात कावळे ओरडत होते.

पलीकडे बगळ्याने भेग नसलेला, खोल, थेट उन्हातला खळगा घेतला होता. पाडव्याला एकदाच भरला आणि झाले. त्यातले पाणी थेंबभरही हलत नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवी. पाणमांजरीची धावपळ बघून त्याने मान वाकडी केली आणि विचारले, "ताई, रांजण निवडलात की चाळण?"

तिने सरळ पुढची बुडी मारली. तोंड उघडले असते तर काहीतरी वेडेवाकडे निघाले असते, आणि नेमाच्या दिवसांत तिला ते नको होते.

दुसऱ्या दिवशी तिने काठावरची चिकणमाती आणून भेग लिंपली. माती विरघळली आणि पाणी गढूळ होऊन गेले ते गेलेच. मग कोणीतरी वडाच्या चिकाचा उपाय सांगितला. चीक आणता आणता तो भेगेला लागायच्या आधी तिच्या डाव्या मिशांना लागला. तिने गाल खडकावर घासला, तेव्हा चीक निघाला, पण मिशाही त्याच्याबरोबर निघून आल्या. पाणमांजरीला मिशा म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल. गढूळ पाण्यात मासा कुठे हलला, हे तिला डोळ्यांआधी मिशांना कळते. स्पर्धा तोंडावर आलेली आणि डावी बाजू अशी सपाट. धाकटे पिल्लू तिच्याकडे बघून म्हणाले, "आई, तू आता एका बाजूनेच आईसारखी दिसतेस." ती हसली नाही. तिला तेव्हा हसूच येईना.

हे कमी होते म्हणून की काय, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती खळगा काठोकाठ भरून फूल आणायला पळसाखाली गेली. परत येऊन पाहते, तर एक म्हैस त्यात तोंड घालून उभी. शेवटचा घोट घेऊन म्हशीने मान वर केली.

"फार बरं केलंत बाई," ती समाधानाने म्हणाली. "चैत्रात कुणी पाणपोई घातली की असा आशीर्वाद द्यावासा वाटतो. पाणीही कसं, अगदी ताजं. त्या पलीकडच्याचं बघितलं मी, पण प्यावंसं नाही वाटलं."

पाणमांजरीला रडावे की ओरडावे ते समजेना. पण तहानलेल्याने पाणी प्यायले, तर त्याला बोलायचे कोणत्या तोंडाने? "झालं असेल पिऊन, तर जरा बाजूला व्हा," एवढेच ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला लागली. त्या दिवशी तिला घास मिळाला तो उन्हे कलल्यावर. जेवताना ती नदीकडे पाठ करून बसली होती. थोड्या वेळाने तिला राहवले नाही. मान वळवून ती म्हणाली, "माई, मी तुझ्याकडे डोह मागितला होता. तू मला भोक दिलंस."

नदी आपली वाहत होती.

पौर्णिमा उजाडली. सगळे काठावर जमले. कासवआजोबांनी इशारा केला आणि बगळा पाण्यात उतरला. तो एका पायावर उभा राहिला, आणि पिल्लांनी एकमेकांना नीट बघू दे म्हणेपर्यंत त्याने चोचीत भलामोठा खवल्या मासा उचललासुद्धा. चाफ्याच्या पाकळीएवढे खवले होते त्याचे. बगळ्याने मासा आपल्या खळग्यात सोडला, शेजारी उभा राहिला आणि डोळे मिटले. त्याचे काम झाले होते.

पाणमांजरीचे काम मात्र सुरूच होईना. नेमाप्रमाणे आधी खळगा भरायचा होता. तो भरून, फूल वाहून ती पाण्यात उतरली, तेव्हा खंड्या पक्ष्यानेही आपली चिमुकली मासळी स्वतःच्या खळग्यात आणून ठेवली होती. तिने बुडी मारली. उजवीकडचा मासा मिशांना कळायचा, पण डावीकडून कोण गेले त्याचा पत्ताच लागायचा नाही. एक चांगला मोठा खवल्या तिच्या डाव्या गालाला घासून निघून गेला, तरी ती उजवीकडेच शोधत राहिली. शेवटी ती स्वतःभोवती उलटी फिरत फिरत पोहू लागली, म्हणजे उजवा गाल सगळीकडे फिरेल. काठावरच्यांना वाटले, हिला घेरी आली. असे करता करता एक मासा तिच्या हाती लागला. खवल्याच होता, पण मध्यम. बगळ्याच्या माशाच्या मानाने धाकटा भाऊच म्हणा.

तिने तो दातांत अलगद धरून आणला, खळग्यात सोडला आणि ऊन डोक्यावर येताना बघत उभी राहिली. आपण हरलो, हे तिला दिसतच होते. खळग्यातले पाणी खाली खाली चालले होते. मासा कुशीवर होऊ लागला. ती पुन्हा भरायला निघाली, तसे थोरले पिल्लू म्हणाले, आता कशाला भरतेस, त्याचाच मासा मोठा आहे.

"डोह गेला तर गेला," ती म्हणाली, "पण या बिचाऱ्याला मी माझ्या हातानं आणलंय. त्याला मारून तळ्यावर जायचं का?"

आणि ती पुन्हा पाण्यात उतरली. बुडी, वर, अंग झाडणे, शेपूट. बुडी, वर, अंग झाडणे, शेपूट. पाडव्यापासून रोज हेच केल्यामुळे आता तिला त्याचा विचारही करावा लागत नव्हता. ती मनातल्या मनात चिडत होती, भेगेवर, चिकावर, त्या गोड बोलणाऱ्या म्हशीवर. पण हातपाय आपले काम बरोबर करत होते. वरून ताजे पाणी येई, खालून जुने निघून जाई. मध्ये मासा सरळ होऊन शेपटी हलवत होता, जणू नदीतच आहे.

एका फेरीत तिची नजर बगळ्याच्या खळग्याकडे गेली. त्यातला मोठा मासा वर येऊन तोंड उघडत होता. ती थांबून म्हणाली, "बगळेभाऊ, तुमचा मासा कासावीस झालाय. चोचीनं थोडं ताजं पाणी घाला त्यात."

बगळ्याने एक डोळा उघडला. "ज्याचा गळतो त्यानं भरावं, ताई," तो म्हणाला आणि डोळा मिटला.

सावली मधल्या खडकावर पोचली आणि कासवआजोबा निघाले. आता कासवाचे निघणे ते. ते एका खडकावरून दुसऱ्या खडकावर जात, वाटेत म्हशीची विचारपूस करत, खंड्याच्या मासळीचे कौतुक करत येईपर्यंत खडक तव्यासारखा तापला. पाणमांजरी भरतच होती.

अखेर ते बगळ्याच्या खळग्याशी आले. बगळ्याने डोळे उघडले, छाती पुढे काढली आणि आत पाहिले. मासा पांढरे पोट वर करून तरंगत होता. पाडव्यापासून साचलेले ते पाणी हिरवे झाले होते, आणि उन्हाने तर आंघोळीच्या पाण्यासारखे कढत झाले होते. आपल्या घरी आई रोज सकाळी हंड्यातले शिळे पाणी ओतून ताजे का भरते, ते बगळ्याला कोणी सांगितले नव्हते. आणि खवल्या तर वाहत्या पाण्यात वाढलेला. त्याला साचलेले कसे सोसावे?

बगळा गडबडला. सकाळी जिवंत होता, सगळ्यांनी पाहिला आहे, असे तो म्हणू लागला. शिवाय ती दिवसभर पाणी बदलत बसली, हे कुठे नियमात आहे, असेही त्याने विचारून पाहिले. कासवआजोबांनी सगळे ऐकून घेतले.

"नियम एवढाच आहे बाळा," ते म्हणाले, "की मासा जिवंत हवा."

मग ते पाणमांजरीच्या खळग्याशी आले. आत डोकावले, तोच माशाने शेपटीचा असा फटका मारला की त्यांचे तोंड भिजले. त्यांनी पुढच्या पायाने तोंड पुसले आणि म्हणाले, "हा तर मला आताच नदीतून काढल्यासारखा वाटतो. डोह तुझा, मुली."

पाणमांजरी तिथेच खाली बसली. इतके दिवस ज्या भेगेला ती बोल लावत होती, तिच्याकडे तिने पाहिले. मग मासा दातांत धरून नदीत सोडला. खळग्याच्या काठावरचे फूल नदीच्या पाण्यावर ठेवले आणि हळूच म्हणाली, "माई, कालचं बोलणं मनावर घेऊ नकोस. भूक लागली होती मला."

बगळा मान खाली घालून निघाला होता. तिने त्याला हाक मारली. "अहो बगळेभाऊ, आम्ही खोल पाण्यातले. काठावरच्या उथळ पाण्यात तुम्ही उभे राहिलात तर आमचं काय जातंय? फक्त माझ्या खळग्याला चाळण म्हणू नका."

तो उन्हाळा दोघांनीही त्या एका डोहावर काढला, आणि डोह पुरला. धाकट्या पिल्लाला वैशाखभर भुंकणे ऐकू आले नाही. ते आईच्या पोटाखालून बाहेर येऊन बगळ्याच्या पायांमधून पोहायला शिकले.

डोह दोघांना पुरतो हे कळले, तरी हौसेने स्पर्धा चालूच राहिली, आणि पुढच्या पाडव्याला एक गंमत झाली. बगळा पहाटेच आला आणि प्रत्येक खळग्यात चोच घालून भेग शोधत फिरला. चांगली मोठी भेग मिळाली तेव्हा त्याने आनंदाने फूल ठेवले. पौर्णिमेला त्यात मासा सोडला, शेजारी एका पायावर उभा राहिला आणि डोळे मिटले. घटकाभरात खळगा कोरडा ठणठणीत, आणि मासा तळाशी तडफडतोय. शेवटी पाणमांजरीच धावत गेली आणि ओरडली, "अहो भाऊ, नुसती भेग काय कामाची? भरायला नको का?"

तात्पर्य : अडचण आली म्हणून कोणी जिंकत नाही आणि हरतही नाही, घेतलेला नेम जो चिडत का होईना, पण रोज पुरा करतो, त्याच्याच हाती शेवटी जिवंत मासा राहतो.