जे मिठीत मावत नाही

फार पूर्वी, डोंगरांनी वेढलेल्या शैलावती नगरीत अरिंदम राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने भेकराच्या कुळात जन्म घेतला होता.

त्या डोंगरांत रानाच्या अनेक तऱ्हा होत्या. दरीत जांभूळ-हिरड्याचे उंच, दाट रान. वरच्या उतारावर ऐन-पळसाची विरळ झाडी. आणि मधल्या खडकाळ पट्ट्यात करवंद, तोरण, हेकळीच्या काटेरी जाळ्या. भेकरे दुपारी दरीतल्या सावलीला जात, पण पिल्लांना जन्म देत ते जाळीतच. उंच झाडांखाली सगळे मोकळे. तिथे पाडस बिबट्याला लांबूनच दिसते.

राजघराण्याची एक रीत होती. जे झाड एका माणसाच्या मिठीत मावत नाही, त्याला हळदीचे सूत बांधायचे. सूत बांधले की त्या रानाला अभय: तिथे ना कुऱ्हाड, ना शिकार, ना आग. रीत चांगलीच होती. फक्त करवंदीच्या जाळीला आजवर कोणी मिठी मारून पाहिली नव्हती, आणि कोण कशाला मारतो म्हणा!

एका चैत्रात राजाला घोड्यांसाठी कुरण हवेसे झाले. सूत बांधणाऱ्यांचा प्रमुख कुंभक म्हणाला, "महाराज, मधला पट्टा जाळून टाकू. तिथे रान आहेच कुठे? नुसता काटाकुटा." लगेच राजा धनुर्धाऱ्यांसह पट्ट्यापाशी आला आणि पलिते पेटले.

त्याच पट्ट्यात बोधिसत्त्वाची मादी नुकतीच व्याली होती. पाडसाला अजून धड उभेही राहता येत नव्हते. पलिते पाहून बोधिसत्त्व जाळीतून निघाला आणि धनुर्धाऱ्यांच्या मधून सरळ राजापुढे जाऊन उभा राहिला. एक पलिता तडतडला तसा तो दचकला. बोधिसत्त्व झाला तरी भेकराचे काळीज ते भेकराचेच.

"महाराज, आत माझे लेकरू आहे," तो म्हणाला.

राजा मनाचा वाईट नव्हता. त्याला दया आली. "कुंभका, याचे पाडस उचलून दरीतल्या रानात ठेवा. याच्या गळ्यातही सूत बांधा. मग आग लावा."

क्षणभर बोधिसत्त्वाला वाटले, मान पुढे करावी. कोणत्याही बापाला वाटले असते. पण तो जागचा हलला नाही.

"माझे पाडस वाचेल, महाराज. पण शेजारी सशिणीची पिल्ले आहेत, पलीकडे लाव्याची अंडी आहेत. त्यांना कोण उचलणार? सगळ्यांना अभय नसेल तर मलाही नको. मी आत पाडसापाशी जाऊन बसतो."

"रीत कशी मोडू रे?" राजा कळवळून म्हणाला. "जे मिठीत मावत नाही, त्यालाच सूत."

"मग मिठी मारून पाहा."

सैनिक हसले. राजालाही हसू आले. त्याने धनुष्य बाजूला ठेवले, हात पसरले आणि तो जाळीत शिरला. काट्यांनी बाह्या फाटल्या, करवंदीचा चीक दाढीला चिकटला. सुटका करून घ्यायला तो खाली वाकला, तेव्हा त्याला पाडस दिसले. ते अंग चोरून पडले होते आणि त्याचे इवलेसे पोट धपापत होते. शेजारीच, गुरांच्या तोंडातून वाचलेले, जांभळाचे वीतभर रोप उभे होते. दरीतली थोरली जांभळेही कधीकाळी अशाच जाळीच्या आडोशाने वाढली असणार, हे राजाच्या ध्यानात आले. आपण आजवर घराला जपले आणि पाळणा जाळायला निघालो, असे वाटून त्याचे डोळे भरून आले.

"कुंभका, पलिते विझवा," तो आतूनच म्हणाला. "माझ्या मिठीत मावत नाही."

पट्टा मोठा होता, सूत अपुरे पडले. शेवटच्या जाळीला राजाने आपले उत्तरीय बांधले.

विहारात ही कथा सांगून भगवान शास्त्याने समोरच्या भिक्षुसभेकडे पाहिले. विहारामागची काटेरी जाळी केर समजून तोडायला निघालेला एक नवा भिक्षू कोयता मांडीवर घेऊन बसला होता; हात धरून त्याला अडवणारे वृद्ध स्थविर त्याच्या शेजारीच होते.

"आयुष्मन्, तेव्हाचा कुंभक तू होतास. आज तुझा हात धरणारे हे वृद्ध स्थविर म्हणजे राजा अरिंदम. ते भेकर मीच होतो. आपले पिल्लू वाचल्यावरही जी माया थांबत नाही, शेजाऱ्याच्या पिल्लापर्यंत जाते, तिला मैत्री म्हणतात."

"आणि ते पाडस, भंते?" भिक्षूने विचारले.

"ते या सभेत नाही. ते विहारामागच्या त्या जाळीत आहे."

भिक्षूने कोयता खाली ठेवला.