पाणी दिलेले सहा

हे कुणाला सांगू नको, असं संहिताताईनं बजावलं होतं. पण तिच्या प्रबंधाचं पहिलं पान आता कुणीही उघडून वाचू शकतं, म्हणून सांगते.

“अजून कुणी राहिलं का?” बुधाजीबाबांनी विचारलं.

बाबा डोंगरातले जुने वैद्य. साखरेच्या आजारावर बिबळा नावाच्या झाडाचं लाकूड भिजवलेलं पाणी देतात. दोन वर्षं त्यांच्या मागं हिंडून संहिताताईनं ते झाड ओळखायला शिकून घेतलं, लाकडाचा अर्क काढला, तपासला. तो लागू पडला.

उद्या प्रबंध द्यायचा होता. बाबांच्या संमतीच्या सहीशिवाय तो कुणी घेणार नव्हतं. म्हणून ती आली होती, आणि आभाराचं पान वाचून दाखवत होती. जरा ठसक्यातच.

“कुणी नाही राहिलं, बाबा. तुमचं नाव सगळ्यात वर आहे.”

“तुझ्या सरांचं तीनदा आलं. डोंगर चढले होते का ते?”

ती हसली. संमतीचा कागद आणि पेन पुढं केलं.

बाबांनी पेन घेतलं नाही.

“औषध लागू पडलं, हे तुला कुणी सांगितलं?”

“उंदरांनी. आधी सगळ्यांना मधुमेह आणला...”

“तुम्ही आणला?”

“हो... सुई देऊन. मग काहींना अर्क पाजला. त्यांची साखर उतरली.”

“आपोआप उतरली नसेल कशावरून?”

“अहो, म्हणून तर सहा उंदरांना नुसतं पाणी दिलं! त्यांची नाही उतरली. त्यांच्याशी ताडून पाहिलं, तेव्हा तर कळलं.”

“बरे आहेत का ते?”

“गेले, बाबा. खंगत गेले.”

बाबांनी डोक्याचं मुंडासं उतरवलं आणि मांडीवर ठेवलं.

संहिताताईनं हातातल्या पानाकडं पाहिलं. पेन उघडलं. सगळ्यात वर, बाबांच्या नावाच्याही वर, जागा करून लिहिलं.

“वाच,” बाबा म्हणाले.

“ज्यांना औषध मिळालं नाही आणि ज्यांच्यामुळे ते औषध आहे हे कळलं, त्या सहा उंदरांची मी ऋणी आहे.”

आता आवाजात ठसका नव्हता.

बाबांनी एकेक अक्षर जपून काढत सही केली. कागद तिच्या हातात देताना थांबले.

“पोरी, सहा जण एका ओळीत मावले?”